सरकायला जागा

मोहरी हे नाव सुजातने ठेवलं.
हळदीवर सांडावेत तसे काळे ठिपके, वीतभर अंग,
आणि जाड शेपटीत साठवलेली पुढच्या महिन्याची भूक.
सासूबाई म्हणाल्या, पाल ती पालच.
सरकारी कागदावर नोंद झाली म्हणून
चुकचुकायची थांबते काय बाप्पा?

डिसेंबरात मानेवाड्याला पारा आठवर आला.
ज्या गावात मे महिन्यात दाराची कडी चटका देते
त्याच गावात मी ऊब विकत घ्यायला निघाले,
बर्डीवर, नाइट ड्यूटीच्या आधी,
डबा एका हातात.

निमजेभाऊ म्हणाले, "शंभराचा बल्ब लटकवा ना ताई,
काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या?
कोंबडीची पिल्लं जगतात त्याच्यावर."
मी मनात बिल मांडलं:
शंभर वॅट, बारा तास, तीस रात्री. छत्तीस युनिट.
म्हटलं, ही रात्रीची आहे, भाऊ. माझ्यासारखी.
रात्रभर उजेड ठेवला तर ही बाहेर येणार कधी?

त्याआधी एक दगड आणून झाला होता.
प्लास्टिकचा, आतून तापणारा, साडेतीनशेचा.
मोहरी त्यावर पोट टेकून बसली ती हललीच नाही.
आम्हाला वाटलं, सुखात आहे.
तिसऱ्या दिवशी उचलली,
तर पोटावर नखाएवढा तपकिरी डाग.

तो डाग माझ्या ओळखीचा.
उमरेडकडून आलेल्या एका बाळाच्या मांडीवर होता,
गरम पाण्याच्या बाटलीचा.
आजीने फडक्यात गुंडाळून, मायेनेच ठेवलेली.
बाळ रडलं नाही, म्हणत होती ती सारखी,
रडलं असतं तर मी काढली नसती काय?
रडायलाही वजन लागतं.
त्याचं चौदाशे ग्रॅम होतं.

आमच्याकडे सहा वॉर्मर, चालतात पाच.
पोटावर चिकटवलेला प्रोब, साडेछत्तीसचा आकडा.
प्रोब निसटला की यंत्राला वाटतं बाळ गार पडलं,
आणि ते तापत जातं. तापतच जातं.
खालच्या जिवाला बाजूला होता येत नाही.
म्हणून तिथे खुर्ची आहे, आणि खुर्चीत मी.

पण मोहरीला चार पाय आहेत.

हे मला पहाटे साडेचारला सुचलं,
तीन नंबरच्या बाळाचा प्रोब पुन्हा चिकटवताना.

मग पेटीच्या एकाच टोकाला, काचेखाली,
सात वॅटची चटई. तिच्यापेक्षा थर्मोस्टॅट महाग;
तिथे मात्र घासाघीस केली नाही.
टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल तीन बाजूंना, बाहेरून,
चटईपासून लांब.
वायर आधी खाली झोकून मग सॉकेटकडे वर नेली,
पाणी ओघळलं तर झोक्यातूनच गळावं म्हणून.
सोसायटीच्या गेटवरचं, कपाळं मोजून थकलेलं
पिस्तुलासारखं थर्मामीटर वॉचमनने शोधून दिलं.
या टोकाला बत्तीस. त्या टोकाला चोवीस.
महिन्याला पाच युनिट, फार तर.

सकाळी आले, तर ती थंड टोकाला,
फुटक्या कुंडीखाली, डोळे मिटून.
माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.
(खरी मात्र गप्प होती.)
पिस्तूल लावलं: बत्तीस.
वायर पाहिली. दिवा पाहिला. पुन्हा बत्तीस.
सुजात म्हणाला, आई, तुझी ड्यूटी संपली आहे.

दहाच्या सुमाराला ती उठली,
जीभ काढून वाळूची चव घेतली,
आणि चालत, घाई नसल्यासारखी,
उबेवर जाऊन बसली.
थोड्या वेळाने परत.

मी पडदे ओढले, रजई घेतली,
आणि जरा वेळाने
एक पाऊल बाहेर काढून ठेवलं.