पाच नंबरच्या चपला

तिच्या वतीने मी एकतीस वर्षं चाललो.
मंदाकिनी नाबर माइकसमोर उभी,
अनवाणी, सतरंजीवर, हातात कागद.
पान संपलं की आवाज होऊ नये म्हणून
ती ते हलकेच सोडून द्यायची,
पान तरंगत जमिनीला टेकायचं.
आणि दुसऱ्या माइकपाशी मी, उकिडवा,
हातांत चपला घालून
फरशीच्या तुकड्यावर तिला सासरी नेत असे.

वाळूचा ट्रे म्हणजे चौपाटी.
विटेचा चुरा, किल्ल्याची वाट.
पाटावर टाच आपटली की वरच्या मजल्यावरचा भांडखोर भाडेकरू.
सिगारेटच्या पाकिटावरचा चुरचुरीत कागद चुरगाळून
अख्खी गावं जाळली आहेत मी मुठीत.

चपला भुलेश्वरच्या.
दुकानदाराने विचारलं, वहिनींचं माप काय?
म्हटलं, नाजूक द्या. सुभेदारांची सून आहे.
घरी पिशवीत सापडल्या तेव्हा
आमच्या हिने दोन दिवस वरणात मीठ घातलं नाही.
तिसऱ्या दिवशी बुधवार.
रात्री साडेनऊला रेडिओ लावला, समोर बसवलं.
ऐक, म्हटलं, ही जी जिना उतरतेय ना, तो मी.
ती म्हणाली, "बाई एवढी रडतेय
आणि तुम्ही असे तुरुतुरु उतरताय?"
माझ्या कामाचं इतकं अचूक परीक्षण
पुढे कुणी केलं नाही.

मंदाकिनी दिवसा टेलिफोन खात्यात.
"नागपूर लागलंय, बोला" म्हणत म्हणत घसा सुकवून
सहाला चर्चगेटच्या स्टुडिओत यायची,
घोटभर कोमट पाणी प्यायची
आणि ऐंशी वर्षांची व्हायची.
तेव्हा ती सव्वीसची.
साठीकडे झुकली तेव्हा तिला
तिसरीतल्या खोडकर पोराचं काम मिळालं.
मानधनाचा चेक, दोन्ही वेळा, महिन्याने.

शेवटी निवेदक नावं वाचायचा.
नाटकातला कुत्रासुद्धा
(ठाकूरद्वारचा वसंत धुरू)
नावानिशी भुंकला.
माझ्यापर्यंत येता येता वेळ संपे,
बातम्या लागत.

टेपा? पुसल्या. स्पूल महाग.
एकाच फितीवर तिचं मरण,
त्याच्यावर ऊस-लागवडीचा सल्ला,
त्याच्यावर कुणाची तरी सनई.
लायब्ररीतला कारंडे म्हणे, नीट कान लावा,
सनई थांबते तिथे
एक बाई श्वास घेते.
मी कान लावला. काही नव्हतं.
आहे की रे, म्हटलं त्याला.
त्याची निवृत्ती आठ दिवसांवर होती.

परवा माहीमला गेलो, तिसरा मजला,
चपला परत द्यायला.
तळ दोनदा बदललेले,
आत पट्ट्यावर माझ्या बोटांचे काळे ठसे.
तिने घालून पाहिल्या.
अंगठा अडला, टाच बाहेर लोंबली.
"बिर्जे," म्हणाली, "मला सात लागतो."
आणि हसली.
सूनबाईचं नाही, म्हातारीचं नाही,
हे हसणं माझ्या कानावरून गेलेलं नव्हतं:
नाकातून, थोडं फुटकं,
शेवटी खोकल्यात गेलेलं.

मग चहा टाकायला उठली.
मी सवयीने डोळे मिटले.
डावा पाय घासत. उजवा जड.
मध्येच थांबून भिंतीला हात,
बांगडी नाही, नुसता तळवा.
तालमीत मी असा चाललो असतो
तर निर्मात्यांनी पलीकडून काच ठोकली असती:
कोण येतंय तेच कळत नाही, बिर्जे.
पुन्हा.

चहा आला.
बशीत थोडा सांडलेला.
बिस्किटं आहेत का गं आत, मी विचारलं.

मला मधुमेह आहे.