झेडवर लाल फुली

पोवई नाक्यावर, तिसऱ्या मजल्यावर बसून
मी दहिवडी शाखेतला बाण हलवतो.
गोंजारीबाई माऊसवरचा हात झटकन काढतात,
तापल्या तव्यावरून काढावा तसा.

झेडवर लाल फुली.
रविवारी सर्व्हर बदलला, त्याचं नाव बदललं;
बाईंचा कॉम्प्युटर अजून
जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय.

तोडतो. नवा पत्ता लिहितो,
दोन तिरक्या रेघा, नाव, पुन्हा एक रेघ.
फोन लागत नाही, म्हणून बाई
कोऱ्या नोटपॅडवर एकेक अक्षर शोधत लिहितात:
सर पिग्मीची यादी गेली का

मी खाली लिहितो: गेली नाही. वाट चुकली होती.

झेड उघडतो.
'पिग्मी खरी', 'पिग्मी खरी नवीन',
आणि 'माझे' नावाचं एक फोल्डर,
जे मला उघडता येतं.
बाण त्याच्यावरून बाजूला नेतो.

उद्यापासून हे आपोआप जोडलं जाईल, लिहितो,
लॉगिन केलं की झालं.
बराच वेळ काही नाही.
मग: म्हणजे तुम्ही येणार नाही?

म्हसवड, मेढा, वाई अजून बाकी.
नोटपॅड मिटताना प्रश्न येतो, जतन करायचं?
बाण एकच, हात दोघांचे.
कोणीच हलवत नाही.