आवाज तपासणी

पहिल्यांदा ऐकलं ते कृतिकानं.
पाथर्डी फाट्याकडे वळताना म्हणाली,
"आजोबा, मागून कुणीतरी हूं हूं करतंय."
मी म्हणालो, रस्ता खरबरीत आहे.
"साठच्या पुढं वाढतं. आणि डावीकडं वळलं की कमी होतं."
म्हणजे डावं मागचं.
हे मला कळलं. ऐकू मात्र आलं नाही.

एकतीस वर्षं अंबडच्या कारखान्यात
मी फक्त ऐकत होतो.
काचेची खोली, कानाला नळी, पाळीला नऊशे बेअरिंगं.
फिरव, ऐक, हिरवी पेटी.
फिरव, ऐक, लाल पेटी.
गोळीवरचा केसाएवढा ओरखडा
मला दातात खडा आल्यासारखा कळायचा.
मग बाकीचं जग कानातून उतरत गेलं,
आधी कुकरची शिट्टी, मग फोन,
मग बायकोचं शेवटच्या आठवड्यातलं पुटपुटणं,
ज्याला मी नुसती मान हलवली.

रविवारी सोसायटीच्या तळघरात एट हंड्रेडला जॅक लावला.
जॅकवर माझा विश्वास नाही, म्हणून खाली ओंडका,
पुढच्या चाकांना विटा.
कृतिकानं चाक फिरवलं, मी स्प्रिंगवर तळहात ठेवला
आणि ते आलं,
मनगटातून कोपरापर्यंत, वाळू चघळत.
"लाल पेटी," मी म्हणालो.
तिला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

नट सुटेना.
पान्याला हातभर पाइप घालून दोघं लोंबकळलो,
वॉचमन पिंगळे तिसरा.
ड्रम निघाला तसा आतून काळा भुगा पडला.
फुंकू नकोस, ओल्या फडक्यानं पूस.
लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेलं,
सिलिंडरचं रबर फाटून ब्रेक ऑइल सगळीकडं.
"आपण परवा ह्याच्यावर नांदुरीचा घाट उतरलो?"
उतरलो.
तिनं ड्रमकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
जरा जास्तच वेळ.

जुनं बेअरिंग रॉकेलात धुतलं,
चष्मा कपाळावर ढकलून कड्यावरचा शिक्का वाचला.
वाटलं होतं, आमचं निघेल,
माझ्या पाळीचं, माझ्या हिरव्या पेटीतलं.
नव्हतं. कुठल्यातरी दुसऱ्या गावचं.
बरं वाटलं, आणि नाहीही.

द्वारकेच्या संचेतीकडून आणलेली नवी जोडी
रात्रभर फ्रीजमध्ये होती, सूनबाईच्या कोथिंबिरीशेजारी.
ड्रम शेगडीवर तापवला.
ठोकायचं ते बाहेरच्या कड्यावर,
आतल्यावर हातोडी पडली की नवंकोरंच बाद.
एक बसलं, मग मधला स्पेसर, मग दुसरं.
स्पेसर राहिला तर सगळं पुन्हा उपसावं लागतं,
हे मला कसं माहीत, ते विचारू नका.
बसताना टक् होतं म्हणे.
बोटांना झालं.

नवे शू, नवा सिलिंडर, स्प्रिंगनं फोडलेला माझा अंगठा,
आणि शेवटी नळीतली हवा काढणं.
ती आत, पाय पॅडलवर.
मी मागं आडवा, निपलला नळी, टोक बाटलीत.
"दाब म्हटलं की दाब. आणि धरून ठेव."
ती आतून ओरडत असणार, धरलंय, धरलंय.
मला काय त्याचं.
दोनदा चुकलं. तिनं सोडलं तेव्हा माझा निपल उघडाच,
हवा पुन्हा आत.

मग तिलाच सुचलं.
उतरली, उकिडवी बसली,
ओठ सावकाश हलवत म्हणाली,
"आजोबा, माझं ऐकू नका. भिंत बघा."

पॅडल दाबलं की
मागच्या भिंतीवर, मीटरच्या पेट्यांवर,
कुणाच्यातरी झाकलेल्या स्कूटरवर
तांबडा उजेड.
मी निपल सोडतो, बुडबुडे, आवळतो.
"सोड."
काळोख.
"दाब."
तांबडा.

बाटलीतले बुडबुडे केव्हाच संपले होते.
तरी मी आणखी तीन-चारदा दाब म्हणालो.
ती धरून होती,
भिंतीवर स्वच्छ दिसत होतं.