वेढे

या मोटारीच्या एका कॉइलला बत्तीस वेढे.
एकतीस झाले तरी ती चालते,
पण तापते, आणि रावेरकडच्या एखाद्या बागेत
मे महिन्यात, भर दुपारी, केळी पाण्यावाचून मान टाकत असताना
बसते.
म्हणून मी मोजतो. वीस वर्षं मोजतोय,
फैजपूरला, स्टँडमागच्या आठ बाय दहाच्या दुकानात.

ओजस दुसरीत होता.
आधी डोळे. आम्हाला वाटलं धूळ गेली असेल,
ज्योत्स्नाने गुलाबपाणी घातलं.
मग मान, उजवीकडे, कुणी हाक मारल्यासारखी.
मग घशातून एक आवाज.
बेअरिंग कोरडं पडलं की येतो तसा,
असं मी म्हणायला नको होतं.
म्हणालो. त्याच्यासमोर.

भालोदहून सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या.
मळ्यात भरिताचा बेत होता,
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजता भाजता साडू म्हणाले,
एक ठेवून द्या कानाखाली, जाईन खोड.
काह्यले करतो रे असं? ज्याने त्याने विचारलं,
आणि दर वेळी त्याने खरं तेच सांगितलं :
माहीत नाही.
सगळ्यात जास्त वेळा मीच विचारलं असेल.

जळगावचे डॉक्टर तरुण होते. म्हणाले,
ही खोड नाही. शिंकेसारखं समजा.
दाबता येते थोडा वेळ, मग येतेच.
टोकू नका.
मी विचारलं, दिवसाला किती चालतील?
ते हसले नाहीत, एवढं बरं केलं.

टोकलं नाही मी. मोजलं.
ऑर्डरच्या वहीत, मागच्या पानावर,
पाच-पाच काड्यांचे भारे.
सोमवार एकशे चाळीस. मंगळवार एकशे बारा.
चाचणीच्या आदल्या रात्री हात पुरला नाही.

शाळेत तो धरून ठेवतो.
झांबरे मॅडम म्हणतात, वर्गात तर काहीच दिसत नाही.
स्कूटरवर मागे बसतो, मध्ये दप्तर,
कारखान्याचा फाटा जाईपर्यंत गप्प.
मग सुटतो.
एकेक झटका माझ्या पाठीला कळतो,
सकाळी साडेदहापासूनचा, ओळीने.
मी गाडी हळू करतो.
घर डावीकडे असतं, मी उजवीकडे वळतो,
केळीच्या बागांमधून, पाटाच्या कडेने,
जिथे बघायला कुणी नाही.

एका रात्री शेवभाजीत भाकरी कुस्करताना त्याने विचारलं,
पप्पा, आज किती झाले?
कालच्यापेक्षा कमी आहेत ना?
ज्योत्स्ना तव्याकडे बघत राहिली.
तव्यावर काहीच नव्हतं.

त्या पानांवर मी आता गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहितो,
काड्यांच्या वरूनच.

आणि माझं काय?
अंगठ्यावर वाळलेलं व्हार्निश मी दिवसभर सोलतो,
नसलं तर कातडी सोलतो, रक्त येईपर्यंत,
उधारीच्या दिवसांत जरा जास्त.
त्याला कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या नाहीत.
हे मला ओजसने दाखवलं.
मोजलं नव्हतं त्याने. नुसता हात धरला होता.

सध्या सुट्टी आहे. शटर हाताला भाजतं.
तो कूलरसमोर स्टुलावर बसतो,
मी हँडल फिरवतो, तो मोठ्याने मोजतो,
सतरा, अठरा, हं, एकोणीस,
मान उजवीकडे,
वीस, हं, हं, एकवीस.
अजून एकदाही चुकला नाही.
मी मात्र दोनदा चुकलो, त्याच्याकडे बघताना.

काल एक नवीन गिऱ्हाईक दारात थबकलं.
पोराले काय व्हतंय?
मोजतोय, मी म्हणालो. थांबा जरा.

सोमवारी शाळा उघडते.
परवापासून त्याचा डावा खांदाही उडायला लागलाय.
ज्योत्स्नाला दिसलंय. मला दिसलंय.
रात्री दिवा मालवल्यावर आम्ही त्यावर बोललो नाही,
फक्त मध्येच ती म्हणाली, दप्तर जड आहे का हो त्याचं?

पुढची कॉइल लावतो.
एक, तो म्हणतो.