रस्ता विचारलास म्हणून

तू फोनवर विचारलंस, मृण्मयी,
दहा किलोमीटरचा रस्ता, थोडा चढाचा,
सकाळी गाड्या कमी असतील असा.
घड्याळात टाकायला तुला नकाशा हवा होता.
तो माझ्याकडे नाही. हे आहे:

दालबाजारातून नीघ, पोती उतरायच्या आत.
साडेपाचला हमाल हातगाड्यांवर झोपलेले असतात,
मिरचीचा ठसका मात्र जागा असतो.
पहिली दोनशे पावलं तोंड मिटून.

बाड्याला एकच फेरी घाल.
दुसऱ्या फेरीला तिथली कुत्री ओळख काढतात.

पुढे शिंदे की छावणी.
आपलीच माणसं इथे राहुट्या ठोकून उतरली,
मुक्काम चार दिवसांचा म्हणून.
अजून लश्करच म्हणतात,
आणि लश्कराला घरपट्टी येते,
नळाला पाणी येतं एक दिवसाआड.
पळताना कधीकधी वाटतं,
कूच करायची राहून गेलेली ती सकाळ
माझ्या वाट्याला आलीय.

रामदास घाटीला नथाराम चहावाला विचारेल,
"काए बाई, कौन पीछे पड़ो है?"
अकरा वर्षं विचारतोय.
आपल्या भाषेतही पळणं एकच,
भिऊन पळतात तेही
आणि बुटांच्या नाड्या बांधून पळतात तेही.
पहिल्या वर्षी माझ्याकडे उत्तर होतं.
आता नुसता हात हलवते.

मग उरवाईचा चढ. पावलं लहान कर.
खडकात ते उभे आहेत, तीर्थंकर,
कुणाचा चेहरा फोडलेला,
हात सरळ सोडलेले, घाई कसलीच नाही.
शकुंतला भदौरिया त्यांच्या पायांशी दम खायची.
हवालदाराची बायको. साडी खोचलेली,
पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, बोटांशी कापूस कोंबून.
"इनके घुटने देखो, पाँच सौ बरस से खड़े हैं,"
म्हणायची, आणि स्वतःच्या गुडघ्याला शिवी हासडायची.
चढावर बोलत राहायचं, हे तिनं शिकवलं.
बोलता येईना, तर वेग जास्त आहे.
तुझ्या घड्याळापेक्षा सोपं.

वर सगळं सपाट. वेग वाढवशील. वाढव.
गुरुद्वाऱ्यात पाणी मिळेल, डोकं झाकून पी.
जानेवारीत खालचं शहर दिसतच नाही,
धुक्यातून एखाद्या मालगाडीचा भोंगा,
हजिऱ्याकडे बंद गिरणीचं धुराडं, तेही अर्धंच.

उतर मात्र दुसऱ्या अंगानं, हत्तीपोळातून.
दगड गुळगुळीत आहेत,
हत्तींनी केले की आपण, ठाऊक नाही.
माणूस पडतो तो उतारावर.
मी पडलेय. डाव्या कोपरावर खूण आहे, आलीस की दाखवीन.
वाटेत चतुर्भुजाचं देऊळ, एका खडकातलं, आपल्या देवघराहून जरा मोठं.
भिंतीवर बागेचं माप कोरलंय: दोनशे सत्तर हात.
त्यातलं शून्य बघायला परदेशातून माणसं येतात.
"सुन्न देखने इत्ती दूर?" शकुंतला म्हणाली होती.
मग आम्ही दोघींनी रस्त्यावर मोजले दोनशे सत्तर हात,
कोपर ते बोट, वाकून वाकून,
दर पन्नासाला भांडत.
पळून पाऊण मिनिटात होतात.
आम्हाला उन्हं वर आली.

किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर कचोरीवाला आहे.
त्याच्या बाकावर ती बसलेली असेल.
गुडघा गेला तिचा, दोन वर्षं झाली.
पिशवीत माझ्यासाठी चपलांचा जोड,
गळ्यात नवऱ्याची पितळी शिट्टी.
शेवटच्या वळणावर मी दिसले की वाजवते.
वेळ सांगत नाही.
"आज देर हुई" म्हणते, किंवा "आज ठीक".
तुझ्यासाठीही वाजवील, मी सांगून ठेवते.

हे सगळं मिळून साडेआठ भरतं, मृण्मयी.
उरलेलं दीड कुठे घालायचं, तू ठरव.
मी ते बाकावर बसून काढते.