एकसष्टाव्या पानावर

मुडशिंगीकरांनी रजिस्टरात सही घेतली नि म्हणाले,
"रात्री सुरू करू नका, झोप जाईल."
म्हणून दुपारी अडीचला घेऊन बसलो.
दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा
पेठेत दिवे लागलेले, पुस्तकात तिसरा दिवस उजाडलेला,
आणि पातेल्यातली मसूर खाली लागलेली.

वेग आहे, नाही म्हणत नाही.
प्रकरणं तीन-तीन पानांची,
प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी बेल वाजवतं.
पुण्यातला चार खोल्यांचा फ्लॅट, सहा माणसं,
थोरल्या सुनेचं कपाट रिकामं
आणि ती नाही.

पण लेखकसाहेब, एक विचारतो:
तीनशे पानांत तुमच्या घरात पाणी कधी येतं?
बाराव्या पानावर ती अर्धा चहा ठेवून जाते,
तो कप दोनशे दहाव्या पानावर इन्स्पेक्टरला तसाच सापडतो,
साय धरलेला.
अकरा दिवस!
आमच्यात तो अकरा मिनिटं टिकला नसता,
तुमचा पुरावा मोरीतनं गटारीला गेला असता.

असो. मुद्दा चिठ्ठीचा.
फ्रिजवर चिकटवलेली, पेन्सिलीनं, एकच ओळ:
'मी पहाटे आलो होतो, तिला सोडून परत गेलो.'
इन्स्पेक्टर म्हणतो, पुरुष.
सगळं घर म्हणतं, पुरुष.
मग दोनशे पानं नुसती पळापळ,
ड्रायव्हर, कॉलेजातला मित्र, गॅस एजन्सीचा पोरगा,
खालच्या मजल्यावरचा तो बिचारा क्लासवाला.

मी एकसष्टाव्या पानावर हसलो.
इतका, की ठसका लागला, उठून पाणी प्यालो.
अहो, धाकटी सून कोल्हापूरची!
सोळाव्या पानावर तुम्हीच लिहिलंय, जाता जाता,
तिच्या हातच्या पांढऱ्या रश्श्याचं कौतुक करताना.
आमच्याकडं बायका 'आलो' म्हणतात, 'गेलो' म्हणतात.
आई म्हणायची.
मीही म्हणतो, साडी नेसून म्हणतो.
लग्नात साताऱ्याच्या मावससासूनं तोंडाला पदर लावला होता.

शेवटी धाकटी सगळं कबूल करते,
बाल्कनीत, रडत रडत, पानंच्या पानं.
तिथं पुस्तक पडलं.
असं कोण बोलत नसतं.

आमच्याही घरात एकदा कपाट रिकामं झालं होतं.
धाकटी नणंद, विजयमाला. बावीस वर्षांची.
सोयरीक ठरलेली, पत्रिका छापून आलेल्या,
तिला कुणी विचारलेलं नाही.
आठवडाभर सोप्यात बैठक बसली,
दीर, चुलत दीर, तालमीतले दोघं,
पैसे कुठनं आले,
चिकोडी गाडीची वेळ तिला कोण सांगितलं.
कडी वाजली कशी नाही, यावर तर दोन रात्री गेल्या.
कडीला खोबरेल होतं.
एकानंही हात लावून बघितलं नाही.
चौदा कप चहा, दिवसातनं चार वेळा.
चहा करणाऱ्याला कोण विचारतंय?

सव्वीस वर्षं झाली.
दर नागपंचमीला एक मिस कॉल येतो,
दोनदा वाजतो, थांबतो.
हे म्हणतात, राँग नंबर.
मी म्हणतो, असेल.

उद्या पुस्तक परत द्यायला जातो.
मुडशिंगीकर विचारतील, कळलं का कोण ते?
सांगीन, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही,
फार छान लपवलंय.

त्या पहाटे मी साडेतीनला उठलो होतो.
स्टँडवर गेलो, गाडी सुटेतोवर थांबलो,
आणि पाणी यायच्या आत
परत आलो.