पावती

लोमखोसी दर महिन्याच्या पाच तारखेला
भाडं घेऊन वर येते.
सहकारनगरातली आमची खालची खोली,
ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
पावती द्यायची माझी जुनी खोड:
अडतीस वर्षं महापालिकेत, घरपट्टी खात्यात.

या खेपेला तिनं प्लास्टिकच्या पाकिटातून
दुसरीच एक पावती काढली.
स्वाझीलँड, एकोणीसशे एकतीस.
पणजोबांच्या तीन बायका.
बायकोमागे झोपडी, म्हणाली, झोपडीमागे कर,
आणि कर रोख, शिलिंगांत.
म्हणून पणजोबा चालत निघाले जोहान्सबर्गला,
खाणीत उतरले,
खोकला घेऊन परतले.
हा कागद मात्र जपला;
तो जवळ नसला तर शिपाई धरायचे
त्यांच्याच डोंगरात.

“पण राजा तर तुमचाच होता ना?”
“होता की. इंग्रज नुसते रक्षणाला आले होते.”
तिनातली दोन वाटे जमीन रक्षणातच गेली.
आमच्याकडे म्हणतात, मी म्हटलं,
कुंपणानंच शेत खाल्लं.
तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

मी चष्मा लावला. खरं सांगतो,
आधी दिसलं ते अक्षर.
काय वळण! शिक्का चौकटीत बरोब्बर,
अनुक्रमांक, सही, कुठे खाडाखोड नाही.
त्या कारकुनाला मी कुठेही ओळखलं असतं.
थकबाकीदाराच्या दारात मीही
बँडवाले उभे केलेत, कसबा पेठेत, भर दुपारी.
नवऱ्याचं औषध आणायला निघालेली एक बाई
ट्रंपेट ऐकून जिन्यातच बसली होती.
तिलाही दिली पावती. सुवाच्य.

“नाव चुकलंय,” लोमखोसी म्हणाली.
“मिनिसेली नाही. म्...” आणि तिनं
दातांमागे जीभ टेकवून ओढली:
च्च.
आपण चुकचुकतो ना, तसं.
त्यांच्यात ते चक्क अक्षर आहे,
नावात येतं, हाकेत येतं.
त्या कारकुनाला ऐकू आलं नसेल,
किंवा रकाना लहान असेल.

मी म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून
नाव निघेना, नुसती हळहळ.
ती हसली. पुन्हा म्हणाली. मी पुन्हा.
च्च. च्च.

आतून हिनं विचारलं,
“कोण गेलं हो?”